केडगावची बायबलपंडिता

शिरूर तालुक्यातील कारेगावाहून दक्षिणेस निघून भीमा ओलांडली, की पुणे-दौंड लोहमार्गावरचे केडगाव लागते. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे, दुष्काळग्रस्त मुलींचे व निराधार विधवांचे आश्रयस्थान म्हणून हे गाव सर्वश्रुत आहे. परंतु त्याच आवारात बसून या विदुषीने हिब्रू व ग्रीक संहितांवरून संपूर्ण बायबल मराठीत उतरविले, याची दखल आपल्या वाङ्मयेतिहासाने बेताचीच घेतली आहे.

शास्त्रार्थ दुसऱ्याच्या हवाल्यावर कबूल करावयाचा नाही, हे वळण त्यांना घरातूनच लागले होते. लोकरोष पत्करून अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी १८५८ साली जन्मलेल्या या कन्येला. पुढे मातापित्यांना दुष्काळाने नेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली. तेथेच ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी वेदग्रंथ हाती ठेवला, तेव्हा स्त्रियांना वेदाधिकार नाही असे ऐकत वाढलेल्या रमाबाई प्रथम कचरल्या, पण अखेर त्यांनी तो वाचलाच.

विलायतेत वाँटेज येथील मठात २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेमिया गोरे या एकेकाळच्या चित्पावन शास्त्र्याच्या युक्तिवादाचा त्यात मोठा वाटा होता. येथे पुष्कळांची अशी समजूत होते, की जुना धर्म टाकून नव्याची आज्ञा त्यांनी शिरसावंद्य मानली. वस्तुस्थिती निराळी होती. त्रैक्याचा सिद्धान्त आणि येशूचा कुमारीजन्म यांविषयी वाँटेज मठातील जेराल्डाइन भगिनी व चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात बायबलमध्ये जे स्पष्ट आढळत नाही ते केवळ धर्मपीठ सांगते म्हणून मानण्यास त्यांनी साफ नकार दिला. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. आणि त्यांनी इंग्रज मुलग्यांना शिकवू नये, असा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकतीचा सूर लावला, तेव्हा त्यांचा स्वाभिमान दुखावला गेला.

तथापि ‘उदारमतवादी’ हे बिरुद त्यांना सरसकट चिकटविणे धाडसाचे ठरेल. १९०५ साली मुक्तीत प्रार्थनेच्या उन्मेषाची लाट उसळली, तिच्यात त्या मनोभावे सामील झाल्या. तर्ककर्कश पंडितेचे हे भाविक रूप पाहून पुण्याच्या सुधारकांना नवल वाटले असल्यास त्यांना दोष देता येत नाही. माझ्या मते मात्र मूळ संहितेचा आग्रह आणि ही भक्ती यांचा उगम एकच: देव आणि वाचक यांच्यामध्ये मध्यस्थाची अमलदारी त्यांना खपत नव्हती.

भाषांतराचे कार्य त्यांनी याच सुमारास हाती घेतले. बायबल मराठीत पूर्वीही झाले होते, पण ते खेड्यातील अल्पशिक्षित बायकांच्या आटोक्याबाहेरचे, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून पुराणे मुखोद्गत असलेल्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शैली आणि हिंदू धर्मकल्पनांचा गंध असलेले शब्द जाणूनबुजून टाळले. मुळाशी एकनिष्ठ राहण्याच्या हट्टापायी त्यांचे वाक्य कित्येकदा अवघडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी उन्हापावसात राबणाऱ्या बायकांसाठी हिब्रू व्याकरणाशी झटणारा दुसरा शास्त्री त्या काळच्या महाराष्ट्रात मला ठाऊक नाही.

जुलै १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. उरलेले काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविण्याचे काम तेथील स्त्रियांनीच केले होते.