हद्दीवरचा न्याय

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, हे दत्तभक्तांना सांगायला नको. पण वाडी गाठण्याआधीच, सांगलीजवळ हरिपूरला, वारणा कृष्णेत उतरलेली असते. पावसाळ्यात पादुकांवरून वाहत जे पाणी दक्षिणद्वारातून बाहेर पडतं, त्यात वारणाकाठचंही पाणी असतं. हे सांगायचं कारण असं की, न्याय स्वतःच्या हातात घेणाऱ्या माणसांची मराठीतली सर्वांत धगधगती कादंबरी वरच्या अंगाला, कृष्णा-वारणेच्या त्याच मुलखात घडते. ती म्हणजे अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’.

अशाच माणसांच्या, अमेरिकेतल्या ‘वेस्टर्न’ कादंबऱ्यांची चाल ठरलेली असते. नवी वसाहत, लांबवर पसरलेली कुरणं, चार दिवसांच्या वाटेवर असलेलं कोर्ट आणि घोड्यावरचा एक माणूस. 1902 साली ओवेन विस्टर यांनी ‘द व्हर्जिनियन’ लिहिली आणि ही वाट पक्की झाली. तिच्यातला एक प्रसंग वाचकाला सोडत नाही. वायोमिंगमधल्या नायकाचा जिवलग दोस्त स्टीव्ह गुरंचोर निघतो आणि त्याला फासावर चढवणाऱ्यांत खुद्द नायक असतो. मरणाच्या दारात स्टीव्ह त्याच्याशी एक शब्द बोलत नाही, फक्त एक चिठ्ठी मागे ठेवतो. ज्याच्या शेजारी झोपलो, ज्याच्या ताटात जेवलो, त्यालाच शिक्षा द्यायची, तीही कोर्टाशिवाय! माझ्या मते या कादंबऱ्यांची खरी ओढ बंदुकीत नाही, ती या पेचात आहे. कायदा जवळ नसला की माणसाजवळ फक्त शब्द आणि दोस्त उरतो. त्या दोघांत एक निवडायची वेळ आली, तर?

पण त्या न्यायाला दुसरी बाजूही होती. त्याच वायोमिंगमध्ये 1892 साली बड्या गुरंमालकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणले आणि ‘गुरंचोर’ ठरवून छोट्या लोकांवर सोडले. फास कुणाच्या हातात आहे, यावर न्यायाचा अर्थ ठरत होता.

आपल्याकडे कुरणं नव्हती, पण हद्दी मात्र पावलोपावली होत्या. वाडीपलीकडं कुरुंदवाड पटवर्धनांचं, वर सांगली-मिरजही पटवर्धनांचीच, इकडं कोल्हापूर छत्रपतींचं, आणि वाळवे तालुका इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. नदी ओलांडली की अंमल बदलला. त्यात इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं त्याच्या जाचात मांग समाजही सापडला. जन्मानंच गुन्हेगार ठरायचं आणि रोज हजेरी द्यायची! असा कायदा दाराशी असला, तर माणसाला दूरच्या कोर्टाची काय आस असणार?

1920 साली याच वाळवे तालुक्यातल्या वाटेगावला, मांग कुटुंबात जन्मलेल्या अण्णाभाऊंनी ही आच घरातच पाहिली होती. शाळा त्यांना दीड दिवसाची मिळाली. 1959 साली आलेली ‘फकिरा’ त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबरीची सुरुवातच हद्दीवरून होते. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, हद्द ओलांडून वाटेगावात आणायला जातो आणि त्यात जीव गमावतो. पुढं दुष्काळ पडतो, पोरंबाळं भुकेनं तडफडतात, तेव्हा फकिरा धान्य लुटून वाटतो, सरकारी खजिन्यावर चालून जातो. त्याला सत्तूची साथ असते आणि विष्णुपंत कुलकर्ण्यांसारखा माणूस जात विसरून पाठीशी उभा राहतो. दोस्तीचं हे चित्र विस्टरपेक्षा मला मोठं वाटतं, कारण इथं दोस्त होण्यासाठी नुसता जीव धोक्यात घालून भागत नाही, गावाची चौकट मोडावी लागते.

शेवटही निराळा. 1949 साली आलेल्या जॅक शेफर यांच्या ‘शेन’मधला नायक काम उरकून एकटाच निघून जातो. फकिरा जाऊ शकत नाही. सरकारनं त्याची माणसं डांबलेली असतात आणि त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः हजर होतो. मागं ज्याचा गाव आहे, त्याचा न्याय एकट्याचा राहत नाही.

अमेरिकेचा तो सरहद्दीचा मुलूख मराठीत आणला तो धारवाडला राहून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी. कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्यांचे त्यांनी अनुवाद केले. त्यांतली ‘रानातील प्रकाश’ फार थोड्या पानांची आहे. गोऱ्यांचा एक मुलगा लेनापे इंडियनांत वाढतो आणि 1764च्या तहानं त्याला सक्तीनं ‘घरी’ पाठवलं जातं. त्याचा सोबती हाफ ॲरो दूरपर्यंत त्याच्याबरोबर चालत येतो. दोन्ही बाजूंनी खून झालेले असतात आणि दोन्ही बाजूंना आपलाच सूड न्याय वाटत असतो. गोऱ्यांच्या नावेला फसवून काठाशी आणायचं काम या मुलावर येतं. नावेत लहान मूल दिसतं आणि तो त्यांना सावध करतो. त्यानंतर त्याला कुठल्याच बाजूला जागा राहत नाही. शिक्षा देणारे त्याचेच लोक असतात आणि त्याला हद्दीपर्यंत पोचवायला येतो तो त्याला वाढवणारा बाप.

या सुट्टीत ‘फकिरा’ पुन्हा काढा, आणि ती संपली की लगेच ‘रानातील प्रकाश’ हातात घ्या. घरात चौदा-पंधरा वर्षांचं कुणी असेल, तर दोन्ही पुस्तकं आधी त्याला द्या.