तलावाचे पाणी आणि पोहण्याचा पोशाख
फ्रान्समधील सार्वजनिक जलतरण तलावांत पुरुषांना सामान्यतः सैल, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून उतरता येत नाही. अंगासरशी बसणारी आखूड चड्डीच लागते आणि पुष्कळ ठिकाणी स्त्री-पुरुष दोघांनाही टोपी घालावी लागते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तेथे गेलेल्या मराठी माणसाला अंग अधिक झाकणारा कपडा नाकारून कमी झाकणारा सक्तीचा करणारा हा नियम चमत्कारिक वाटतो. तथापि त्याचे दिले जाणारे कारण लाजलज्जेशी नव्हे, तर पाण्याच्या रसायनशास्त्राशी निगडित आहे.

तलावाचे पाणी निर्जंतुक राखण्यासाठी त्यात क्लोरीन मिसळतात. घाम आणि लघवी यांतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी त्याची अभिक्रिया झाली की क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. पोहून आल्यावर डोळे चुरचुरतात ते पुष्कळदा यांच्यामुळेच, आणि यांपैकी ट्रायक्लोरामाइन हे बाष्पशील, म्हणजे सहज हवेत उडून जाणारे असल्याने बंदिस्त तलावात ते पाण्यावरच्या हवेत साचून राहते. ज्या उग्र वासाला लोक स्वच्छतेची खूण समजतात, तो बहुतांशी या संयुगांचाच असतो. तेव्हा वासावरून तलावाची वाखाणणी करणारे नेमकी उलटी पारख करत असतात. सैल चड्डी दिवसभर रस्त्यावर आणि बागेत वापरून तशीच पाण्यात आणता येते, घट्ट चड्डी मात्र पोहण्याखेरीज कोणी घालत नाही, एवढाच या भेदामागील तर्क आहे, आणि ऐनवेळी अडचण होऊ नये म्हणून काही तलावांवर चड्डी-टोपी विकणारी यंत्रेही बसवलेली असतात. मुंबई-पुण्याच्या अनेक तलावांवरही नायलॉनच्या पोशाखाची आणि आधी शॉवर घेण्याची अट असतेच. ती कितपत पाळली जाते हा भाग निराळा.

आइसलँडमध्ये हाच तर्क आणखी पुढे जातो. तेथील तलावांत क्लोरीन तुलनेने कमी वापरले जात असल्याने पाण्यात उतरण्यापूर्वी, स्त्रियांच्या व पुरुषांच्या स्वतंत्र न्हाणीघरांत, पूर्ण विवस्त्र होऊन साबणाने अंग धुणे अपेक्षित असते, आणि कोणते अवयव नीट धुवायचे हे भिंतीवरील चित्रांत रंगवून दाखवलेले असते. एकांतात किंवा अंगावर वस्त्र ठेवून स्नान करण्याची सवय असलेल्या भारतीयाला पोहण्याच्या पोशाखापेक्षा ही पायरी अवघड जाते.

जर्मनीतील सौना, म्हणजे लाकडी तापगृह, याबाबतीत सर्वांत कठीण ठरते, कारण तेथे बहुधा स्त्री-पुरुष एकत्र बसतात आणि पोहण्याचा पोशाख निषिद्ध असतो. घाम लाकडावर पडू नये म्हणून अंगाखाली टॉवेल मात्र घ्यावाच लागतो. यामागे आरोग्याच्या कारणाबरोबरच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे रुजलेली, उघड्या शरीराला निसर्गाच्या सान्निध्यात नेणारी मुक्तदेह चळवळही आहे. संकोच वाटणाऱ्या स्त्रियांना अनेक सौनांनी राखून ठेवलेल्या महिला-दिवसांचा आधार घेता येतो.

स्वच्छतेचे कारण सगळीकडे पुरे पडते असे मात्र नाही. ग्रेनोबल नगरपालिकेने 2022 च्या मे महिन्यात बुर्किनी, म्हणजे हातपाय व केस झाकणारा पोहण्याचा पोशाख, चालेल अशी नियमदुरुस्ती केली, तेव्हा तिला मिळालेली स्थगिती फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जूनमध्ये कायम केली. धार्मिक मागणीसाठी दिलेली सवलत सार्वजनिक सेवेतील समान वागणुकीला बाधा आणते, असे त्याचे म्हणणे होते. हा वाद धर्माचा असला तरी अंग झाकणाऱ्या पोशाखाची सवय असलेल्या इतर स्त्रियांनाही त्याची झळ पोहोचते. समुद्रावर त्यांना मोकळीक अधिक आहे, कारण 2016 मध्ये विलनव-लुबे येथील किनाऱ्यावरील बुर्किनीबंदी याच न्यायालयाने स्थगित केली होती, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला खराखुरा धोका असल्याखेरीज अशी बंदी घालता येत नाही, असे सांगितले होते.