युरोपची वेस कुठे आहे?

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ आमच्या संपादक मंडळाने दुरुस्त केलेले आहेत. चुका राहिल्या असतील तर त्या मात्र माझ्याच!

मे २०२५ मध्ये आम्ही चौघं, म्हणजे आजी, आई, बाबा आणि मी, बारा दिवसांत युरोप बघून आलो. हॉस्टेलला परतल्यावर प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "बारा दिवसांत नऊ देश? कसं काय शक्य आहे?" फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, लिक्टेनस्टाइन, ऑस्ट्रिया, इटली आणि व्हॅटिकन. मोजून नऊ! नागपूरहून पुण्याला जायला एक अख्खी रात्र घालवणाऱ्या माणसाला हे खोटंच वाटणार. म्हणून म्हटलं, आयफेल टॉवरचं वर्णन सगळेच करतात, आपण या "कसं काय"चं उत्तर लिहू.

आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात. मोर्णा नदीच्या पश्चिमेला जे आहे ते जुनं शहर. इथे असदगड किल्ला आहे, औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावावरून ओळखला जाणारा. जुन्या अकोल्याला तट होता आणि तटाला वेशी होत्या. अगरवेस, दहीहांडा वेस ही नावं आजही आम्ही पत्त्यात लिहितो. वेस कशी चालायची ते आजीने लहानपणी सांगितलेलं आहे. गावात शिरताना वेशीवर एकदा विचारपूस व्हायची. कोण, कुठला, कशासाठी आला. एकदा आत आलं की मग कोणत्याही गल्लीत जा, कोणी अडवत नाही.

युरोपच्या सहलीचं सगळं गणित या एका वेशीत आहे.

१४ जून १९८५ ला लक्झेंबर्ग देशातल्या शेंगेन नावाच्या छोट्याशा गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी एका करारावर सह्या केल्या. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. ठरलं असं की आपापसातली तपासणी हळूहळू बंद करायची आणि बाहेरची वेस सगळ्यांनी मिळून सांभाळायची. प्रत्यक्षात हे २६ मार्च १९९५ ला सुरू झालं. आज या तटाच्या आत २९ देश आहेत. त्यातले २५ युरोपियन युनियनचे, आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन हे चार युनियनच्या बाहेरचे. उलट आयर्लंड आणि सायप्रस युनियनमध्ये असूनही या तटाबाहेर राहिले. इंग्लंड तर कधीच आत नव्हतं, म्हणून लंडन जोडलेल्या सहलीला वेगळा व्हिसा काढावा लागतो.

आपल्या मराठी माणसाला युरोपची ओढ जुनीच आहे. पु. ल. देशपांड्यांचं "अपूर्वाई" १९६० मध्ये पुस्तकरूपात आलं तेव्हा परदेश ही वाचायची गोष्ट होती, जायची नव्हती. पुढे १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू झालं, २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड आलं, आणि टूर मॅनेजरच्या छत्रीमागे चालणारे काका-काकू पॅरिसलाही दिसायला लागले. पण आधी प्रत्येक देशाचा व्हिसा वेगळा काढायचा, प्रत्येक सीमेवर बस थांबवायची. एक व्हिसा झाला म्हणूनच एवढे देश एका सुट्टीत बसायला लागले.

आता तो व्हिसा कसा मिळतो ते सांगते, कारण आमची खरी सहल तिथेच सुरू झाली आणि जवळजवळ तिथेच संपली होती.

पहिला नियम, अर्ज कोणत्या देशाकडे करायचा. आम्ही उतरणार पॅरिसला, पण अर्ज केला स्वित्झर्लंडकडे. कारण जिथे मुक्काम सगळ्यात जास्त, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिल्यांदा पाऊल ठेवणार त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. फी मोठ्या माणसाला ९० युरो (जून २०२४ पासून), आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर अजून तीन महिने चालणारा हवा, आणि दहा वर्षांच्या आत काढलेला. राहता येतं कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस.

बँकेचं स्टेटमेंट हा दुसरा विषय. बाबांचं कापडाचं दुकान आहे. एका ओळखीच्या काकांनी सल्ला दिला, "माझे चार लाख महिनाभर तुझ्या खात्यात टाक, बॅलन्स भारी दिसते." बाबांनी ऐकलं नाही ते बरं झालं. अर्ज तपासणारा माणूस शेवटचा आकडा बघत नाही, खात्याची चाल बघतो. अचानक मोठी रक्कम आली की त्याला पहिली शंका तिथेच येते. आमचे पैसे दुकानावर खोली बांधण्यासाठी नऊ वर्षं साठवलेले होते. खोली राहिली, कारण आजी एकदा म्हणाली होती, "खोली काय, पायऱ्या चढणं होते कोणाच्यानं!"

मुंबईला सेंटरवर बोटांचे ठसे द्यायला गेलो. दहाही बोटांचे ठसे घेतात आणि ते ५९ महिने चालतात. माझे दोन मिनिटांत झाले. आजीचे होईनात. मशीन पुन्हा पुन्हा लाल दिवा दाखवायचं. तिथल्या मुलीने तिला हात धुऊन यायला सांगितलं, क्रीम लावलं, पुन्हा प्रयत्न केला. आजी शांतपणे मला म्हणाली, "साठ वर्षं राखेनं भांडे घासले व माय. आता कायच्या रेघा राह्यतीन?" मला हसावं की रडावं कळेना. शेवटी जसे आले तसे ठसे घेतले.

एप्रिलमध्ये तीन पासपोर्ट परत आले. चौथा, आजीचा, आला नाही. त्याऐवजी आणखी कागद मागितले. आजीला स्वतःचं उत्पन्न नाही, खर्च बाबा करणार, तर ती त्यांची आईच आहे याचा पुरावा द्या. आणि इथेच घोळ! बाबांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव म्हणून आजीचं माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. लग्नात नाव बदलायची आपली पद्धत, त्या स्विस साहेबाला कशी ठाऊक असणार? चूक कोणाचीच नव्हती. पण निघायला अठरा दिवस उरले होते आणि सहलीचे पैसे भरून झाले होते, जे परत मिळणार नव्हते.

त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. आजी म्हणाली, "तुमी जा. म्या काय पाह्यणार थो टावर?" बाबा एवढंच बोलले, "आई नाही तं कोणीच नाही. पैसे बुडाले तं बुडाले." दुसऱ्या दिवसापासून नोटरी, अ‍ॅफिडेव्हिट, जुनी लग्नपत्रिका, रेशनकार्ड अशी वरात निघाली. आजीचा पासपोर्ट आला तेव्हा निघायला तीन दिवस राहिले होते. म्हणून हे वाचणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती, घरच्या मोठ्यांच्या कागदांवरची नावं आत्ताच जुळवून बघा. सहल नसेल तरी बघा.

विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, तिथून विमानाने पॅरिस. अकोल्यात पारा ४४ वर सोडला आणि पॅरिसला स्वेटर घातला! आजीच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि सातूचं पीठ होतं. पेढे आणि तूप मात्र घरी ठेवावे लागले, कारण बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आत नेता येत नाहीत. आजी म्हणाली, "वेशीवरची जकात हाय म्हना." विमानतळावर पासपोर्टवर शिक्का पडला. तीच वेस, एकच. (ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे कॉम्प्युटरवर नोंदवायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. म्हणजे आमच्याकडे आता एक जुनी आठवण आहे.)

मग बस निघाली. पॅरिस सोडून बेल्जियमकडे जाताना आजी खिडकीला नाक लावून बसली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "काव पोरी, दुसऱ्या देशाची वेस कधी येते?" मी मोबाईल बघितला तर बेल्जियमच्या नेटवर्कचा मेसेज येऊन पडला होता. "आजी, ते तं मांगंच गेली!" रस्त्याच्या कडेला फक्त एक निळी पाटी होती, बारा चांदण्यांचं वर्तुळ आणि मध्ये देशाचं नाव. आपल्याकडे जिल्ह्याची हद्द यापेक्षा मोठ्या कमानीने सांगतात!

त्यानंतर आमचा खेळच झाला. वेस दिसत नाही, तर देश बदलला हे ओळखायचं कसं? आजी पाट्यांवरची अक्षरं बघायची. आई सॉकेट बघायची, कारण स्वित्झर्लंडचा प्लग वेगळा, तीन पिनांचा. बाबा पैसे बघायचे, कारण तिथे युरोऐवजी फ्रँक. आणि मी मोबाईल. युनियनमधल्या सिमकार्डाला २०१७ पासून दुसऱ्या सदस्य देशात रोमिंगचा जादा पैसा पडत नाही, पण स्वित्झर्लंड त्या नियमात नाही. त्या एका देशाच्या हद्दीवर आम्हाला कस्टमची चौकीही दिसली. माणसांची तपासणी काढली तरी मालाची ठेवलेली आहे. लिक्टेनस्टाइनमध्ये तर थोडे पैसे देऊन पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून देतात. वेस गेली आणि तिचा शिक्का दुकानात विकायला आला!

सगळीकडे सारखी असलेली एक गोष्ट मला फार आवडली. ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला साधारण नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा. टॅकोग्राफ नावाचं यंत्र सगळं नोंदवून ठेवतं. आमच्यातल्या एका काकांनी घाई केली तेव्हा ड्रायव्हरने नुसतं त्या यंत्राकडे बोट दाखवलं. रात्रभर एकच ड्रायव्हर गाडी हाणतो तेव्हा काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

टिटलिसच्या बर्फात आजी नऊवारीवर जॅकेट घालून उभी राहिली. तिथली १९९२ पासूनची फिरती केबलकार स्वतःभोवती वळते, ती जगातली पहिली. तिचा फोटो आमच्या दुकानात लावलाय. पण मला आठवते ती ऑस्ट्रियातून इटलीत जाणारी ब्रेनर खिंड, उंची साधारण १,३७० मीटर. पहिल्या महायुद्धात हे दोन देश याच आल्प्सच्या डोंगरांत लढले. युद्धानंतर सीमा सरकून या खिंडीवर आली. पलीकडच्या गावांत आजही जर्मन बोलतात, पाट्या दोन्ही भाषांत आहेत. १९९८ पर्यंत इथे गाड्यांच्या रांगा लागायच्या. आमची बस न थांबता निघून गेली. आजी म्हणाली, "येवढं भांडून मंग वेस काढली कशी?"

चांगला प्रश्न आहे. आणि वेस कायमची गेली असंही नाही. करोनात २०२० मध्ये अनेक देशांनी सीमा बंद केल्या. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली. करारातच तशी सोय आहे. म्हणजे वेस पाडून टाकलेली नाही, उघडी ठेवलेली आहे.

परत आल्यावर आमच्या गल्लीच्या टोकाच्या चाची फोटो बघायला आल्या. १३ मे २०२३ ला जुन्या शहरात दंगल झाली, एकाचा जीव गेला, जमावबंदी लागली. मी तेव्हा बारावीत जाणार होते. ते काही दिवस आमचं दार बंद होतं आणि त्यांचंही. मधे फक्त सात घरं. आजीने चाचींना सगळं सांगितलं, टिटलिस, धपाटे, आणि वेस नसलेले देश. चाचींनी विचारलं, "तो फिर चोर एक मुल्क से दूसरे में भाग जाए तो?"

उत्तर मला माहीत होतं. या सगळ्या देशांचं मिळून एक कॉम्प्युटर रजिस्टर आहे, शेंगेन इन्फर्मेशन सिस्टीम. एका देशाने नोंद केली की दुसऱ्याच्या पोलिसाला दिसते. पण सांगता सांगता मला खरी गोष्ट लक्षात आली. रजिस्टर हे नुसतं यंत्र झालं. पॅरिसच्या पहारेकऱ्याने आत सोडलेल्या माणसाला रोमचा पहारेकरी पुन्हा विचारत नाही, कारण तो दुसऱ्याच्या पहाऱ्यावर विश्वास ठेवतो. आमच्या बारा दिवसांत नऊ देश झाले ते बसच्या वेगामुळे नाही, त्या विश्वासामुळे.

चाची उठताना आजीने पिशवीतून स्विस चॉकलेटचा एक डबा काढून त्यांच्या हातात दिला. "पोट्ट्यायले द्या," म्हणाली. तिने तो पहिल्या दिवसापासून वेगळा काढून ठेवला होता, हे मला तेव्हाच कळलं.