हॉट रॉडचे मासिक आणि त्याचा वाचक

हॉट रॉड म्हणजे जुनी मोटार हलकी करून, इंजिनाची ताकद वाढवून पळवलेली गाडी. १९३२ च्या फोर्डचे व्ही-८ इंजिन स्वस्तात मिळू लागले आणि कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांवर पोरांच्या शर्यती रंगल्या.

जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये २१ वर्षांच्या रॉबर्ट पीटरसनने रॉबर्ट लिंडसेसोबत ‘हॉट रॉड’ मासिक काढले. किंमत २५ सेंट. पहिला अंक त्यांनी तिथल्या हॉट रॉड प्रदर्शनात येणाऱ्यांना हातोहात विकला. पुढे संपादक झालेल्या वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘एनएचआरए’ ही ड्रॅग रेसिंगची, म्हणजे सरळ पट्टीवरच्या छोट्या शर्यतींची, संघटना उभी केली. पोरांची रस्त्यावरची शर्यत आखलेल्या पट्टीवर आणणे, ही या संपादकाची सर्वांत मोठी कामगिरी.

अशा मासिकाचा वाचक सांभाळणे कठीण असते. तो स्वतः पाना हातात घेणारा. त्याला कार्ब्युरेटरचा आकार, गिअरचे प्रमाण, खर्चाचा आकडा हवा. एक आकडा चुकला की पत्र आलेच! नुसत्या चकचकीत फोटोंवर त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आपल्याकडे मुंबईतून ‘ओव्हरड्राइव्ह’ १९९८ मध्ये, ‘ऑटोकार इंडिया’ १९९९ मध्ये निघाले, दोन्ही इंग्रजीत. ती वाचून गाडीत बदल करू पाहणाऱ्या आपल्या गॅरेजवाल्याला मात्र एक नियम आधी सांगायला हवा: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. इंजिन बदलायचे तर आधी आरटीओ गाठावे.