अंबिकेच्या काठचा रस्ता

सुरत हे नाव उच्चारले की मराठी मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले प्रथम उभी राहतात. आजची सुरत मात्र हिऱ्यांची आणि यंत्रमागांची. उधना-लिंबायतच्या वस्त्यांतून राहणाऱ्या खानदेशी कामगारांनी या नगरीस मराठीचा मोठा शेजार दिला आहे. या कष्टकऱ्यांस सायकल हे कारखान्यावर वेळेवर पोहोचण्याचे साधन. त्याच शहरातील सुखवस्तू तरुणांस मात्र अलीकडे सायकलचा निराळाच छंद जडला आहे. सुटीच्या दिवशी पहाटेच्या अंधारात ही मंडळी निघतात, उसाची शेते मागे टाकतात आणि पूर्वेस वांसदा, वघई आणि सापुताऱ्याच्या दिशेने चाके वळवतात. या छंदाचे कौतुक करावे हे तर खरेच. परंतु हा रस्ता ज्या भूमीतून जातो ती भूमी सामान्य नव्हे आणि म्हणूनच या विषयाचा थोडा गंभीरपणे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सुरतेहून शंभरएक किलोमीटरवर, नवसारी जिल्ह्याच्या पूर्व टोकास, अंबिका नदीच्या काठी वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ अवघे २४ चौरस किलोमीटर. पूर्वी हे वांसदा संस्थानिकांचे खाजगी रान होते. १९५२ नंतर येथील वृक्षांवर कुऱ्हाड पडली नाही आणि १९७९ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. साग, शिसव आणि काटस जातीचा उंच बांबू यांनी हे रान इतके दाटले आहे की काही ठिकाणी भर दुपारीही उन्हाचा कवडसा जमिनीवर पोहोचत नाही. बिबट्या, तरस, चौशिंगा, भेकर, साळिंदर, खवल्या मांजर आणि मांजरकुळातील सर्वांत लहान अशी वाघाटी यांचे येथे वास्तव्य आहे. शेजारच्या डांगातील पूर्णा अभयारण्यात तर रानपिंगळाही आढळला आहे. हा पक्षी जगातून नाहीसा झाला असे ११३ वर्षे मानले जात होते. १९९७ साली आपल्याच शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला, तेव्हा साऱ्या पक्षिशास्त्रज्ञांनी आश्चर्याने बोटे तोंडात घातली होती.

या अरण्याशी आपला संबंध नाही असे कोकणच्या वाचकाने समजू नये. अंबिका उगम पावते ती नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यात, आणि डांगाच्या डोंगरांतून उतरून बिलिमोऱ्याजवळ अरबी समुद्रास मिळते. डांगातील कुकणा समाजाचे पूर्वज कोकणातून आले अशी परंपरा आहे. त्यांची बोली कानी पडली तर मराठी माणसास ती फारशी परकी वाटणार नाही. १८४२ साली इंग्रजांनी भिल्ल राजांकडून डांगचे रान पट्ट्याने घेतले, ते येथील सागावर डोळा ठेवून. जहाजबांधणीस त्यांना तो हवा होता. किनाऱ्याचे जीवन आणि हे रान यांची गाठ अशी जुनी आहे.

ही गाठ सायकलस्वारास जितकी कळते तितकी मोटारीत बसलेल्यास कळत नाही. बिलिमोऱ्याहून निघून उनाईच्या उष्णोदकाची कुंडे मागे टाकली की चढ हळूहळू पायांस जाणवू लागतो. समुद्राचा खारा वारा संपून पाचोळ्याचा वास कोठे सुरू झाला हे नाकास समजते. याच वाटेने बिलिमोरा-वघई ही गायकवाडी अमदानीत घातलेली अरुंदमापी आगगाडी ६३ किलोमीटरचा प्रवास तीन तासांहून अधिक वेळ घेऊन करते. तोट्याचे कारण देऊन ती बंद करण्याचे घाटत होते. परंतु लोकांच्या आग्रहामुळे २०२१ साली ती पुन्हा धावू लागली. मंद गती हा प्रत्येक ठिकाणी दोषच असतो असे नाही, हे या गाडीने दाखवून दिले आहे.

आणि येथेच मुख्य प्रश्न उपस्थित होतो. वांसदा-वघई हा रस्ता या उद्यानातून जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात परवान्याविना प्रवेशास मनाई केली आहे. पण सार्वजनिक हमरस्त्याने पलीकडे जाणाऱ्या प्रवाशास त्यातून सूट दिली आहे. जंगलातील पायवाटेवर पाऊल टाकण्यास परवाना हवा, आणि त्याच जंगलातून ताशी ऐंशीच्या वेगाने मोटार हाकण्यास मात्र काहीच नको! लोकांची ये-जा अडू नये हा या सवलतीचा हेतू रास्तच आहे. तथापि, कायद्याने दिलेली सूट ही जाण्याची आहे, भरधाव जाण्याची नव्हे, हा विवेक आपण हरवून बसलो आहोत.

साधा हिशेब करून पाहावा. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात २२ मीटर पुढे गेलेली असते. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल साडेपाच मीटर जाते. वळणावर अचानक आलेल्या भेकराच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे. अन्यत्र या प्रश्नावर उपाय योजले गेले आहेत. कर्नाटकात बंदीपूरच्या अरण्यातून केरळकडे जाणारा महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहतुकीस बंद ठेवण्यात येतो. नागपूरहून उत्तरेस जाणाऱ्या महामार्गावर पेंचच्या रानात प्राण्यांसाठी रस्त्याखालून मोठे मार्ग बांधले आहेत आणि वाघांसह अनेक प्राणी त्यांचा वापर करीत असल्याचे आढळले आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर, म्हणजे वांसद्याहून किंचितच मोठे. तेथे पर्यटकांच्या मोटारी अलीकडेच थांबतात. पुढे पायी, सायकलने किंवा सायकलरिक्षाने जावे लागते. त्या रिक्षा ओढणाऱ्यांनाच पक्ष्यांची ओळख करून देण्याचे शिक्षण दिले गेले आणि त्यांची उपजीविका उद्यानाच्या रक्षणाशी जोडली गेली. जे राजस्थानात साधले ते दक्षिण गुजरातेत का साधू नये?

अर्थात सायकल म्हटली की सारे पवित्र झाले, असे मानणारांपैकी आम्ही नाही. पन्नास स्वारांचा जथा कर्ण्यावर गाणी लावून जात असेल, मागे-पुढे त्याच्या दिमतीस मोटारी असतील आणि वाटेवर पाण्याच्या बाटल्यांचा सडा पडत असेल, तर त्यास निसर्गप्रेम म्हणणे ही शुद्ध आत्मवंचना होय. शिवाय पहाट आणि तिन्हीसांजा या प्राण्यांच्या हिंडण्याच्या वेळा. सायकल आवाज न करता येते हा तिचा गुण, पण त्यामुळेच वळणावर रानडुक्कर अथवा बिबट्या अगदी निकट येईपर्यंत दोघांनाही परस्परांचा सुगावा लागत नाही. म्हणून उजाडल्यावरच रानात शिरावे, उन्हे कलण्यापूर्वी बाहेर पडावे, चार-पाच जणांहून मोठा घोळका करू नये आणि हमरस्ता सोडून आत जायचे असल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी. बरोबर नेलेला कागदाचा कपटाही परत आणावा. हे नियम कोणी लादण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणखी एका गोष्टीचे विस्मरण होऊ नये. सुरतेचा हौशी स्वार या रस्त्यावर येण्यापूर्वी कितीतरी वर्षे येथे सायकल चालत होती. बांबूच्या टोपल्या आणि सुपे विणणारा कोटवाळिया आपला माल घेऊन याच परिसरातून बाजारास जातो. सरकारी योजनेतून नववीत सायकल मिळालेल्या मुली शाळेची वाट तिच्यावरून कापतात. या मंडळींना छंद परवडणारा नाही. दिवसाचा रस्ता त्यांच्यासाठी खुला राहिलाच पाहिजे, आणि तो त्यांच्यासाठीही सुरक्षित असला पाहिजे. भरधाव मोटार जशी भेकराच्या जिवावर उठते तशीच ती शाळेतून परतणाऱ्या मुलीच्याही जिवावर उठते. एकाच्या रक्षणाचा उपाय दुसऱ्याच्याही कामी येणारा आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वांसद्याच्या उद्यानातून जाणारा रस्ता रुंद करण्याचा मोह टाळावा. उद्यानाच्या हद्दीत वेगाची कडक मर्यादा घालून ती गतिरोधकांनी पाळावयास लावावी. रुग्णवाहिका व स्थानिकांची निकडीची वाहने वगळून रात्रीची वाहतूक थांबवावी. रविवारी सकाळी काही तास तरी हा रस्ता पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी राखून पाहावा आणि वाटाड्याचे काम गावातील तरुणांस द्यावे. सुरतेच्या सायकलस्वारांनी या मागण्यांसाठी पुढाकार घ्यावा. रस्त्याचा आनंद ते घेतात, तेव्हा त्याचे ऋणही त्यांनीच प्रथम फेडावे.

आपल्या कोकणातही मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यातून जातो. त्या वाटेने जाताना किती जण वाहनाचा वेग कमी करतात आणि कर्णा न वाजवता तो टापू ओलांडतात, हे ज्याचे त्याने आपल्या मनास विचारावे. सुरतकरांस उपदेश करण्यापूर्वी एवढे आत्मपरीक्षण आपणांसही आवश्यक आहे.