सुकटीतला खेकडा आणि समुद्रतळाची शिरगणती

रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेली सुकट आमच्या घरी नेहमीप्रमाणे सुपात ओतली. आधी चाळून वाळू काढायची, मग निवडायची, मग तव्यावर भाजून कांदा-मिरची घालायची, हा क्रम वाचकहो, तुमच्याही घरचाच आहे. निवडता निवडता आमच्या धाकट्या मुलीला नखाएवढा वाळका खेकडा सापडला. पाठोपाठ दोन शिंपल्या आणि एक कसलीशी नळी. आईने "टाक ते बाहेर" म्हटले. तिने ते खिडकीत ओळीने मांडले आणि आमच्याकडे वळून विचारले, "बाबा, जवळा पाण्यात पोहतो आणि खेकडा तर खाली तळाशी राहतो. मग दोघं एका पिशवीत कसे?"

उत्तर तसे सोपे होते. जवळ्याचे जाळे उथळ पाण्यात, पुष्कळदा तळाच्या अगदी जवळून जाते, तेव्हा तळाचे रहिवासीही त्यात सापडतात. परंतु पुढच्या प्रश्नाने आम्ही अडलो. "मग तळाशी आणखी कोण कोण राहतं? कुणी मोजलंय का?"

मोजले आहे. तेही आपल्या मायमाउल्या ज्या साधनाने सुकट साफ करतात त्याच साधनाने, म्हणजे चाळणीने.

गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १ जानेवारी १९६६ रोजी ती स्थापन झाली. त्याआधी काही वर्षे अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली होती, तिच्यातून ही संस्था उभी राहिली. या संस्थेतले आणि कोचीच्या सागरी जीवसंपदा केंद्रातले शास्त्रज्ञ जहाजावरून एक लोखंडी जबडा दोराने खाली सोडतात. जबडा उघडाच खाली जातो, तळाला टेकला की त्याची अडकण सुटते आणि दोर वर ओढताना दोन्ही बाजू मिटून त्यात चिखलाचा घास येतो. नेहमीच्या एका जबड्यात सुमारे एक फूट लांब, एक फूट रुंद एवढी जागा उचलली जाते. असे दहा घास घेतले की तळाचा एक चौरस मीटर हाती आला.

मग तो चिखल चाळणीत घालून समुद्राच्याच पाण्याने धुवायचा. चाळणीचे भोक अर्ध्या मिलिमीटरचे. वर जे उरेल ते बाटलीत, फॉर्मॅलिनमध्ये. जीव पटकन दिसावेत म्हणून गुलाबी रंग घालतात, म्हणजे माती मातीच राहते आणि जिवंत होते ते गुलाबी होते. पुढे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक वेचायचे, मोजायचे, ओळखायचे, वजन करायचे. एका बाटलीला कधी कधी दिवस जातात. तांदूळ निवडणाऱ्या बाईला जी मान दुखते तीच मान या कामात दुखत असणार, असे आम्हाला वाटते.

चाळणीवर सर्वांत जास्त काय उरते? अळ्यांसारखे, अंगावर कडी-कडी असलेले आणि कडेला केस असलेले किडे. आपल्या गांडुळाचे हे समुद्रातले भाऊबंद. त्यांच्यामागोमाग शिंपल्या, लहान खेकडे, कोळंबीची छोटी भावंडे आणि समुद्रतारे. दिसायला किळसवाणे वाटले तरी वरून खाली पडणारे मेलेले-कुजलेले हेच खातात, बिळे करून गाळात हवा खेळवतात, आणि कोळंबी, लेप, पाकट यांच्या पोटात जातात. ताटातल्या कोळंबीच्या मागे या किड्यांची मजुरी आहे. मजुरी करणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नसते, हे आपल्याला नवीन नाही.

हे मोजायचे डोके प्रथम लढवले ते पीटरसन नावाच्या डेन्मार्कच्या एका शास्त्रज्ञाने, १९११ च्या सुमारास. त्याला शोधायचे होते ते माशांचे अन्न. तळाशी खाद्य किती आहे हे कळले तर मासे किती पोसतील हे सांगता येईल, असा त्याचा हिशेब. मोजता मोजता त्याच्या ध्यानात आले की सारखा तळ असला की राहणारेही सारखेच असतात. बारीक चिखलात एक मंडळी, वाळूत दुसरी, शिंपल्यांच्या चुऱ्यात तिसरी. आपल्याकडे गुजरीत सोनार आणि कुंभार गल्लीत कुंभार तशा या वस्त्या. फरक एवढाच की माणसांच्या वस्त्या जातीने पाडल्या, यांच्या पडल्या त्या वाळूच्या कणाने, पाण्याच्या खोलीने आणि पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूने. कोकणातल्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना हे पीटरसनच्या आधीपासून माहीत होते. कुठल्या रेतीत हात घालायचा आणि कुठल्या चिखलात वेळ दवडायचा नाही, हे त्या पायाच्या तळव्याने ओळखतात. त्यांनी ते कागदावर मांडले नाही, इतकेच.

पीटरसनच्याही आधी मोठमोठ्या विद्वानांचे मत असे होते की फार खोल समुद्रात जीवच नसावेत. १८४३ मध्ये एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश अभ्यासकाने तीनशे वावांखाली (सुमारे साडेपाचशे मीटर) जीवसृष्टी संपत असावी, असा अंदाज मांडला. पुढे 'चॅलेंजर' जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीने तो पार खोटा ठरवला. आपल्या समुद्रातही १८८० च्या दशकापासून 'इन्व्हेस्टिगेटर' हे सरकारी पाहणी जहाज तळ खरवडून प्राणी वर काढत होते. त्यावरचे डॉक्टर आल्कॉक यांनी १९०२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून खरे मानायचे नाही, खाली दोर सोडून बघायचे, ही रीत आम्हाला आवडली.

आता खरी अडचण सांगतो. एका खाडीचे दहा घास मोजणे हे एक काम. सगळ्या किनाऱ्याचे, सगळ्या समुद्राचे चित्र उभे करणे हे वेगळे काम. भारताच्या हक्काचा समुद्र सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर आहे आणि जबड्यात येते एक फूट जागा! म्हणून 'सागर संपदा' जहाजावरून पश्चिम किनाऱ्याची पाहणी झाली तेव्हा कन्याकुमारीपासून गुजरातपर्यंत किनाऱ्यापासून आत समुद्रात रेषा आखल्या आणि तीस मीटरपासून दोनशे मीटर खोलीपर्यंत टप्प्याटप्प्याने नमुने घेतले. खोली वाढत गेली तशी जिवांची संख्या घटत गेली, आणि सगळीकडे वरचढ निघाले ते हेच कडीवाले किडे.

पण समजा, मुंबईच्या एका अभ्यासकाने एक मिलिमीटरची चाळण वापरली आणि कोचीच्या दुसऱ्याने अर्ध्याची. पहिल्याचे बारीक जीव वाहून गेले. आता दोघांचे आकडे शेजारी ठेवले तर मुंबईचा समुद्र गरीब दिसणार, आणि दोष मात्र चाळणीचा. तीच गत नावांची. एकाच किड्याला दोन ठिकाणी दोन नावे पडली की एकाचे दोन होतात. दोन वेगळ्या किड्यांना एकच नाव पडले की दोनाचा एक. युरोपातल्या संस्थांनी हे निस्तरायला बसून ४४ वेगवेगळ्या पाहण्या एका वहीत आणल्या, नावे दुरुस्त केली, तेव्हा सुमारे ७,२०० प्रकारच्या तळजिवांचा एक जमाखर्च तयार झाला. जगाच्या पातळीवर २००० ते २०१० अशी दहा वर्षे सागरी जीवांची शिरगणती चालली. ऐंशीहून अधिक देशांचे सुमारे २,७०० शास्त्रज्ञ आणि ५४० च्या वर सफरी. त्यातल्या हिंदी महासागराच्या नोंदींचे दप्तर काही काळ पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. समुद्राचा वाराही न लागणाऱ्या पुण्यात! म्हणजे या कामाला किनाऱ्यावरच जन्मावे लागते असे नाही.

कोल्हापूरचा समुद्राशी संबंध तरी कुठे सरळ आहे? आपली पंचगंगा सह्याद्रीत, अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगवते आणि पाठ फिरवून कृष्णेत जाते, कृष्णा बंगालच्या उपसागरात. आपल्या शेतातली माती धरणांतून सुटलीच तर त्या तळाला जाऊन बसते. आणि मासे मात्र आंबा घाटातून ट्रकने येतात, ते रत्नागिरीच्या बाजूचे.

त्या ट्रकमधल्या मासळीसाठीच ही मोजणी महत्त्वाची आहे. ट्रॉलरचे जाळे तळावरून फरफटत जाते. त्याचा जड तळभाग गाळ उलथतो, नळ्या आणि शिंपल्या फोडतो. वर आलेल्यातले विकण्याजोगे ठेवतात. बाकी बारीक मासे आणि खेकडे खताला, कोंबडीच्या खाद्याला जातात किंवा मेलेले परत समुद्रात. तीच जागा वारंवार खरवडली की मोठे, दीर्घायुषी जीव आधी नाहीसे होतात आणि चटकन वाढणारे चिमुकले किडे तेवढे उरतात. होडीवाला कोळी म्हणतो, "पूर्वी मिळायचं, आता मिळत नाही." ट्रॉलरवाला म्हणतो, पाऊसपाणी बदलले. पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावर कमी प्राणवायूचे पाणी खरोखरच वर सरकते आणि तळजीव गुदमरतात, त्यामुळे त्याचे म्हणणेही उडवून लावता येत नाही. मग निवाडा कशावर करायचा? तीस वर्षांपूर्वी त्याच जागी, त्याच चाळणीने, त्याच महिन्यात कुणी मोजले असेल तर निवाडा होईल. मोजलेच नसेल तर गरिबाची तक्रार तक्रारच राहील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, १९८७ मध्ये मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य झाला, पण अशा उपायांचा तळाला किती उपयोग होतो तेही मोजल्याखेरीज सांगता येणार नाही. सुकटीचा भाव काय झाला आहे ते घरोघरी माहीत आहे.

खोल समुद्रात तर आणखी वेगळा प्रसंग आहे. हिंदी महासागराच्या मध्यभागी पाच किलोमीटरहून जास्त खोलीवर बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरले आहेत. तिथला ७५,००० चौरस किलोमीटरचा टापू भारताकडे आहे. ते गोळे काढले तर तळाच्या जिवांचे काय होईल, हे पाहण्यासाठी गोव्याच्या संस्थेने १९९७ मध्ये तीन किलोमीटर लांब, दोनशे मीटर रुंद पट्टा मुद्दाम ढवळला आणि आधी-नंतर मोजणी केली. डॉ. बबन इंगोले हे या कामातले आपले मराठी नाव. ढवळल्यावर संख्या घटली. मग काही वर्षांनी पुन्हा जाऊन बघितले. तिथे थंडी आणि अंधार, अन्न अगदी थोडे, त्यामुळे भरपाई फार सावकाश होते. खाणकाम सुरू करण्याआधी कुणीतरी हे करून ठेवले, हे बरे झाले.

बारावी विज्ञान झालेल्या मुला-मुलींना रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, आणि प्राणिशास्त्र तर शिवाजी विद्यापीठातही शिकता येते. घरात कुणी समुद्र पाहिलेला नसला तरी अडत नाही.

मे महिन्यात आम्ही पाहुण्यांकडे रत्नागिरीला गेलो तेव्हा मुलीने स्वयंपाकघरातली जुनी चाळण पिशवीत घातलीच होती. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला तिने काठीने एक फुटाचा चौकोन आखला, चार बोटे खोल वाळू काढून समुद्राच्या पाण्यात चाळली, मोजली आणि सगळे जीव जिथल्या तिथे सोडले. मग पाण्यापासून वीस पावले वर येऊन दुसरा चौकोन. पहिल्यात अकरा निघाले, दुसऱ्यात दोन. पाहुण्यांच्या म्हातारीने विचारले, "किती गो मिळाले?" ते खायचे नाहीत हे कळल्यावर ती हसली, पण तिसरा चौकोन कुठे आखायचा ते तिनेच बोट करून दाखवले. त्यात एकोणीस निघाले.