जुन्या पिकअप गाडीस नवे इंजिन : आधी विचार, मग खर्च

मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना रस्ता, कल्याणहून येणारा रस्ता आणि महाप्याकडे उतरणारा रस्ता ज्या ठिकाणी एकत्र येतात, ते शीळफाटा आमच्या बहुतेक वाचकांस परिचित आहे. येथे रस्त्याच्या कडेने भंगाराची गोदामे आहेत, आणि मोडीत निघालेल्या गाड्यांची इंजिने व गिअरबॉक्स तेथे दृष्टीस पडतात. ती पाहून कल्याण, अंबरनाथ व पनवेल तालुक्यांतील पुष्कळ बागायतदारांच्या मनात एक प्रश्न येतो. वडिलांच्या वेळची पिकअप गाडी गोठ्याशेजारी उभी आहे. चासी सणसणीत आहे, पण इंजिन थकले आहे. तिच्यात अलीकडचे इंजिन व गिअरबॉक्स बसविले, तर भाजीपाला व गवत वाहण्यास ती पुन्हा उपयोगी पडेल काय? या प्रश्नाचे उत्तर नुसते होय किंवा नाही असे देता येत नाही. सबब त्याची अंगे क्रमाने पाहू.

पूर्वपीठिका

ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडात फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ साली स्थापिलेल्या कारखान्याचे पी-६ नावाचे सहा सिलिंडरचे डीझेल इंजिन मूळच्या पेट्रोलवरील मालमोटारींत बसविण्याचा प्रघात फार वाढला होता. आपल्याकडे महिंद्रांनी १९४९ साली माझगाव येथे विलिस जीप बांधण्यास आरंभ केला. १९६५ साली त्यांची एफसी-१५० ही पेट्रोलवरील पिकअप निघाली, आणि १९७५ साली एफसी-२६० ही डीझेलवरील हलकी मालगाडी आली. पुढे १९७९ साली त्यांनी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डीझेल इंजिनाचा परवाना घेतला. नावातील ४ म्हणजे चार सिलिंडर व ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर. याची धारिता २,११२ घनसेंटिमीटर होती. तात्पर्य, पेट्रोलची जीप डीझेलवर आणावी ही गरज खुद्द कारखानदारांनीच ओळखली होती. फरक इतकाच की, कारखानदाराने इंजिनाबरोबर बाकीची यंत्रणाही जुळवून घेतली. गावातील कारागीर बहुधा इंजिनापाशीच थांबतो, आणि तेथूनच अडचणींस सुरुवात होते.

पंपाचे इंजिन व गाडीचे इंजिन

विहिरीवरील डीझेल इंजिन कसे चालते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ते एकाच गतीने फिरते व एकाच जागी उभे असते. गाडीच्या इंजिनास मात्र शून्यापासून भार उचलावा लागतो, चढावर जोर द्यावा लागतो व उतारावर गाडी रोखून धरावी लागते. पंपाची इंजिने बसवून केलेल्या उत्तर हिंदुस्थानातील ‘जुगाड’ गाड्या यामुळेच धोक्याच्या ठरल्या. त्याही मोटार वाहन कायद्याखालीच येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला.

दाते व गती यांचा हिशेब

नव्या इंजिनाची अश्वशक्ती किती, हा प्रश्न सर्व विचारतात. ते इंजिन किती फेऱ्यांपर्यंत जाते आणि मागील आसाचे क्राउन-पिनियन किती पटीचे आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक हाच मुख्य हिशेब होय.

जुन्या विलिस जीपमध्ये ही पट ५.३८ असे, म्हणजे चाकाच्या एका फेरीस प्रॉपेलर शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या. जीपच्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास १,००० मीटर. त्यासाठी चाकाच्या ४५५ व इंजिनाच्या सुमारे २,४५० फेऱ्या लागतात. मूळचे पेट्रोल इंजिन ४,००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ती देत असे, म्हणून त्यास हे सहज होते. त्याच्या जागी २,२०० फेऱ्यांवर थांबणारे ट्रॅक्टरजातीचे इंजिन बसविले, तर गाडी ताशी ५४ किलोमीटरच्या पुढे जाणार नाही, आणि तेवढ्यासाठीही इंजिन सतत शेवटच्या टोकास ओरडत राहील. क्राउन-पिनियन ४.१ पटीचे घातले, तर त्याच फेऱ्यांत ताशी ७० किलोमीटर मिळतात. पण मग भरल्या गाडीने चढ चढण्याची ताकद त्या मानाने घटते. म्हणून आपली वाट कोणती, शेतापासून बाजारापर्यंतची की मुंब्र्याच्या चढणीची, हे आधी ठरवून मग दाते निवडावे.

जोडणीतील बारकावे

इंजिन व गिअरबॉक्स शक्यतो एकाच गाडीचे एकत्र घ्यावे. जुन्या गिअरबॉक्सवर नवे इंजिन बसविण्यासाठी मध्ये जाड पट्टी कातून घालावी लागते. तीत केसाइतका जरी बाक राहिला, तरी क्लच थरथरतो आणि गिअरबॉक्सचे पुढील बेअरिंग लवकर जाते. ही पट्टी डायल गेजने मोजून घेतल्याखेरीज कारागिराचे काम पुरे झाले असे समजू नये.

प्रॉपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करावा लागतो व तो तोलून घ्यावा लागतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे असावे, आणि दोन्हीकडील काटे एका पातळीत असावे. नाही तर विशिष्ट वेगास संपूर्ण गाडी गुणगुणू लागते व क्रॉस वरचेवर तुटतात. जुन्या जीपमध्ये मागील आसाचा गोळा मधोमध नसून एका अंगास असतो. सबब नवा गिअरबॉक्स मध्यावर बसविल्यास शाफ्ट तिरका होतो, हेही ध्यानात असावे.

डीझेल इंजिन वजनाने जड. पुढील पाटे बसतात, स्टिअरिंग जड होते व रेडिएटर अपुरा पडतो. त्यातील दाब मोठा असल्यामुळे ते फिरविण्यास मोठी बॅटरी व जोरकस स्टार्टर लागतो. पेट्रोल इंजिनाच्या नळीत जी हवेची ओढ असते, ती डीझेलमध्ये मिळत नाही. त्या ओढीवर चालणारे वायपर किंवा ब्रेकचे साहाय्यक यंत्र असेल, तर त्यासाठी निराळा पंप बसवावा लागतो. हा पंप विसरून गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

यावरून कामाचा क्रम सहज निघतो. प्रथम ब्रेक, नंतर स्टिअरिंग व पाटे, मग मागील आस, त्यानंतर गिअरबॉक्स आणि सर्वांत शेवटी इंजिन. शीळच्या रस्त्यावर पुढे-मागे कंटेनरच्या गाड्या असतात. तेथे धावण्यापेक्षा थांबण्याची शक्ती अधिक मोलाची आहे.

अगदी अलीकडची इंजिने संगणकाच्या पेटीवर चालतात. ती पेटी, तिच्या तारा, संवेदक व धूर गाळणारी यंत्रणा हे सर्व अखंड आल्याशिवाय इंजिन नीट चालत नाही. ज्यास खेड्यातील मिस्त्रीच्या हातून दुरुस्ती करून घ्यावयाची आहे, त्याने साध्या यांत्रिक पंपाचे इंजिन पत्करावे हे बरे.

कायद्याची बाजू

आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेल्यामुळे या भागावर आमचा विशेष भर आहे. जमिनीत हक्क प्राप्त झाला, की तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावी लागते. वर्दी दिली नाही तर कब्जा असूनही कागद दुसऱ्याचाच राहतो. गाडीचे तसेच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल, असा बदल मालकास आपल्या मर्जीने करता येत नाही. इंजिन बदलल्यास १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याचेही त्यात आहे. दुसऱ्या इंधनावर गाडी नेणे असेल, तर त्यासाठी ठरविलेल्या अटी आहेत व मान्य संच आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकच लावला.

म्हणून आधी लेखी संमती घ्यावी, मगच विसार द्यावा. त्याच बनावटीचे व त्याच जातीचे इंजिन असल्यास वाट सुकर. पेट्रोलचे डीझेल करणे असल्यास नकार मिळण्याचा संभव धरूनच चालावे. शीळच्या आसपास ठाणे, कल्याण, नवी मुंबई व पनवेल अशी चार परिवहन कार्यालये आहेत. मालकाचे राहणे ज्याच्या हद्दीत, तेथेच अर्ज करावा. भंगारातून इंजिन घेताना क्रमांकासह पावती व मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागून घ्यावा. क्रमांक घासलेले इंजिन फुकट मिळाले तरी घेऊ नये. विमा कंपनीस कळविले नसल्यास अपघातप्रसंगी नुकसानभरपाईचा बोजा शेतावर येऊ शकतो.

२०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील गाड्यांस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू लागली. पण ती मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांस आहे, आणि अशा गाडीने धंदा करता येत नाही. इंजिन बदलले की तो मान गेला.

जमाखर्च

उदाहरणादाखल धरू की पेट्रोलवर लीटरास ७ व डीझेलवर ११ किलोमीटर पडतात, दर अनुक्रमे १०० व ९० रुपये आहे आणि सर्व काम दोन लाखांत होते. वर्षास ४,८०० किलोमीटर चाल असेल, तर बचत सुमारे २९,००० रुपये. खर्च वसूल होण्यास जवळजवळ सात वर्षे. चाल १२,००० किलोमीटर असेल, तर बचत सुमारे ७३,००० रुपये, आणि पावणेतीन वर्षांत पैसा फिटतो. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब करावा.

सारांश, ज्याची गाडी हंगामापुरतीच बाहेर निघते त्याने मूळ इंजिनच खोलून पिस्टन, रिंगा व बेअरिंगे नवी घालून घ्यावी. त्यास ना परवानगीची दगदग, ना दात्यांचा घोळ. ज्याची चाल रोजची आहे, चासीस गंज व तडा नाही आणि ज्यास लेखी संमती मिळाली आहे, त्यानेच नव्या इंजिनाच्या मागे लागावे. आणि चासीच जर कुजली असेल, तर वडिलांची आठवण म्हणून गाडी अंगणात ठेवावी, परंतु तिच्यावर माल व माणसे घालून रस्त्यावर आणू नये.